जंगल आपलंच, तोडही आपलीच: व्हर्मोंटमध्ये कॉन्झर्व्हेशन इझमेंट करताना कामांचा क्रम

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला आणि तिघांचीही चूक एकच होती. जमीन अमेरिकेतल्या व्हर्मोंट राज्यात, चाळीस ते शंभर एकरातली, मेपल, बीच, हेमलॉकचं जंगल, आणि तिघांनीही पहिला फोन केला तो अप्रेझरला, म्हणजे जमिनीची किंमत काढणाऱ्याला, "इझमेंट केलं तर किती टॅक्स डिडक्शन मिळेल" म्हणून. इथूनच सगळं उलटं सुरू होतं, कारण आपण कशावर पाणी सोडतोय हे ठरल्याशिवाय त्याची किंमत कोण आणि कशी काढणार? म्हणून आम्ही आमच्या ७४ एकरांवर जे केलं, आणि जिथे अडकलो, ते क्रमाने लिहून काढतेय.

आधी दोन गैरसमज. इझमेंट म्हटलं की आपल्या डोक्यात वहिवाटीचा रस्ता येतो, शेजाऱ्याला आपल्या बांधावरून जाऊ द्यायचा हक्क. हे त्याच घराण्यातलं पण वेगळं आहे. इथे आपण जमिनीवर काही गोष्टी कधीच न करायचा शब्द देतो आणि तो शब्द पाळला जातोय का हे बघायचा, वेळ पडली तर कोर्टात जायचा हक्क लँड ट्रस्टला, म्हणजे जमिनी राखणाऱ्या संस्थेला, देतो. हा हक्क दान म्हणून दिला तर त्यावरच टॅक्स डिडक्शन मिळतं. सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढतो तसंच समजा, फक्त हा कधीच उतरत नाही, जमीन विकली, वारसांकडे गेली तरी तिच्याबरोबर जातो. दुसरं म्हणजे ठाणे-रायगडकडच्या लोकांना "खाजगी वन" शब्द ऐकला की १९७५चा कायदा आणि सातबाऱ्यावरचा शिक्का आठवून धडकी भरते. इथे तसं काही नाही. मालकी आपली, जमीन विकायचा हक्क आपला, आणि वर्किंग फॉरेस्टचं इझमेंट असेल तर लाकूडतोडही चालू राहते, किंबहुना ती नीट चालू राहावी म्हणूनच हे करायचं. जातो तो प्लॉट पाडायचा आणि बांधकामाचा हक्क.

पूर्ण कामाला एक वर्ष धरा, बाहेरून पैसे मिळवायचे असतील तर त्याहून जास्त.

टप्पा १: कुणालाही फोन करायच्या आधी घरात बसून लिहा

एक वही घ्या, नवरा-बायको, मुलं मोठी असतील तर मुलं, सगळ्यांनी बसा. तीन याद्या करा. पहिली, या जमिनीवर कधीच होऊ नये असं काय. दुसरी, आज आपण काय करतो आणि पुढेही करायचंय. तिसरी, आज करत नाही पण पुढे कुणाला करावंसं वाटू शकतं. लोक पहिली यादी पाच मिनिटात लिहितात आणि तिसरी लिहीतच नाहीत, आणि पंधरा वर्षांनी सगळी भांडणं तिसऱ्या यादीवरून होतात.

हमखास विसरल्या जाणाऱ्या गोष्टी सांगते: मुलासाठी किंवा मुलीसाठी दुसरं घर, मेपल सिरपचं शुगरहाऊस आणि तिथपर्यंत न्यायची वीज, रस काढायच्या नळ्यांचं जाळं आणि पंप, ओंडके आणून रचायची मोकळी जागा ज्याला इथे लँडिंग म्हणतात, सोलर पॅनल, झोपायला एखादी छोटी केबिन, आपल्याच जंगलातल्या रस्त्यासाठी लागणारी खडी, आणि दोन मुलांत जमीन वाटायची असेल तर तिचे दोन तुकडे करायची मुभा. आमच्या यादीत शुगरहाऊस होतं पण वीज नव्हती, लँड ट्रस्टच्या बाईंनीच पहिल्या फेरीत विचारलं, "आणि करंट कुठून आणणार?"

घरासाठीची जागा बहुतेक वेळा सरळ इझमेंटच्या बाहेर ठेवतात किंवा आत ठेवून नकाशावर ठरावीक चौकट आखतात. दोन्ही चालतं. पण चौकट कुठे आहे हे नकाशावर पक्कं हवं, "पुढे सोयीने ठरवू" असं लिहिलेलं पुढे महागात पडतं.

थांबा: घरात एकमत नसेल तर इथेच थांबा. हे कायमचं असतं, दहा वर्षांनी मन बदललं म्हणून परत घेता येत नाही.

टप्पा २: कागद काढा

व्हर्मोंटमध्ये जमिनीचे कागद काउंटीत नाही, गावच्या टाऊन क्लार्ककडे असतात. वकिलाकडून टायटल सर्च, म्हणजे मालकी आणि बोजांची तपासणी, करून घ्या आणि त्यात या गोष्टी मुद्दाम बघायला सांगा.

मालक नक्की कोण. दोघांच्या नावावर आहे, ट्रस्टमध्ये आहे, की मित्रांनी मिळून एलएलसी (टॅक्समध्ये बहुतेक वेळा पार्टनरशिप धरली जाणारी कंपनी) काढून घेतलीय? आपल्याकडे चार-पाच कुटुंबं मिळून जमीन घेतात म्हणून हे मुद्दाम सांगते. बोगस इझमेंट विकून टॅक्स बुडवायचा मोठा धंदा अमेरिकेत चालला होता, त्याला आळा घालायला डिसेंबर २०२२च्या सिक्युअर २.० कायद्यात नियम आला: पार्टनरशिपने केलेल्या दानाची रक्कम पार्टनरांनी त्यात घातलेल्या पैशाच्या अडीचपटीपेक्षा जास्त असेल तर डिडक्शन पूर्णच नाकारलं जातं. एकाच कुटुंबाची पार्टनरशिप असेल, किंवा जमीन घेऊन आणि सगळे पार्टनर आत येऊन तीन वर्षं झाली असतील, तर सूट आहे. मित्रांची एलएलसी असेल तर हा प्रश्न सीएकडे नाही, इझमेंटची कामं केलेल्या टॅक्स वकिलाकडे न्या, आणि आत्ताच न्या.

जमीन घेऊन किती दिवस झाले. एक वर्षाहून जास्त झालेलं असू द्या, नाहीतर डिडक्शन आपल्या खरेदी किमतीपुरतंच मर्यादित होतं.

खनिजांचे हक्क. जुन्या खरेदीखतात कुणीतरी जमिनीखालचे हक्क स्वतःकडे राखलेले असू शकतात. वरून खोदकाम करून खनिज काढायची शक्यता नगण्य आहे असं दाखवता आलं नाही तर डिडक्शन अडकतं. खडीचा मुद्दाही याच वेळी वकिलाला विचारून घ्या.

हद्द. इथे जुन्या दगडी भिंती हीच हद्द मानतात, आणि भिंत आणि कागद यात फरक निघतो. शेजाऱ्याशी वाद असेल तर आधी तो मिटवा.

आणि कर्ज. सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. जमिनीवर मॉर्टगेज असेल तर कर्ज देणाऱ्याने लिहून द्यावं लागतं की आमचा हक्क इझमेंटच्या खाली राहील, म्हणजे उद्या जप्ती आली तरी इझमेंट पुसलं जाणार नाही. हा कागद दानाच्या दिवशी असायलाच हवा, नंतर जोडून चालत नाही. कोलोरॅडोमधल्या एका केसमध्ये तो नंतर आणला म्हणून डिडक्शन गेलं, आणि २०१५मध्ये वरच्या कोर्टानेही तेच कायम ठेवलं.

आमचं काय झालं सांगते. मॉर्टगेज फिटलेलं होतं म्हणून आम्ही निश्चिंत होतो, पण घर आणि जंगल एकाच खात्यावर आणि त्यावर जुनी होम इक्विटी लाइन (घर तारण ठेवून हवं तेव्हा उचलायचं कर्ज) नोंदलेली, बाकी शून्य, कधी वापरलीही नव्हती. बाकी शून्य असली तरी रेकॉर्डवर हक्क उभाच असतो. ती बंद करून तसा कागद टाऊनमध्ये चढवायला सात आठवडे गेले, कारण कर्ज देणाऱ्या संस्थेत हा विषय नक्की कुणाचा हेच फोनवर कुणाला सांगता येईना. म्हणून हे काम दुसऱ्या टप्प्यात सुरू करा, शेवटी नको.

तपासा: टायटल सर्चमध्ये नाव असलेल्या प्रत्येक बँकेशी, संस्थेशी लेखी पत्रव्यवहार सुरू झालाय का?

टप्पा ३: लँड ट्रस्ट निवडा

इझमेंट कुणालाही देऊन चालत नाही, घेणारी संस्था पात्र लागते, म्हणजे सरकारी खातं किंवा हेच काम करणारी आणि पुढे त्याची राखण करू शकणारी ना-नफा संस्था. व्हर्मोंट लँड ट्रस्ट १९७७पासून आहे, न्यू इंग्लंड फॉरेस्ट्री फाउंडेशन १९४४पासून. याच फाउंडेशनने २००१मध्ये मेन राज्यातल्या पिंग्री कुटुंबाच्या ७,६२,१९२ एकर जंगलावर इझमेंट घेतलं, आणि तिथे लाकूडतोड चालू ठेवूनच घेतलं. याशिवाय गावोगावी छोट्या संस्था आहेत. संस्थेला लँड ट्रस्ट अक्रेडिटेशन कमिशनची मान्यता आहे का ते बघा.

पहिल्या भेटीत विचारा: तुमच्याकडे लाकूडतोड चालू असलेली किती जंगलं आहेत? दरवर्षी बघायला कोण येतं, त्याला जंगलातलं कळतं का? तोडीची परवानगी मागितली तर उत्तर किती दिवसात? देखरेखीच्या निधीसाठी आमच्याकडून किती अपेक्षा आहे? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नका. इझमेंट दान करूनही वर संस्थेला पैसे द्यावे लागतात हे ऐकून लोक चिडतात, पण कायमची राखण फुकट होत नाही, तो निधी नसलेल्या संस्थेकडे जाणं मला जास्त धोक्याचं वाटतं.

संस्था नकारही देऊ शकते. जमीन छोटी, सुटी, आजूबाजूला काही संरक्षित नाही, असं असेल तर होतं तसं. वाईट वाटून घेऊ नका, शेजारच्या दोन-तीन मालकांना घेऊन एकत्र गेलात तर तीच संस्था ऐकून घेते.

टप्पा ४: दान, विक्री की मधलं

पूर्ण दान केलं तर टॅक्स डिडक्शन. पूर्ण किमतीला विकलं तर पैसे मिळतात, डिडक्शन नाही. कमी किमतीला विकलं तर फरक दान धरतात. पैशाचा मोठा स्रोत म्हणजे फॉरेस्ट लेगसी प्रोग्रॅम, १९९०च्या फार्म बिलमधून आलेला, यूएस फॉरेस्ट सर्व्हिस राज्यांमार्फत चालवते, खर्चाच्या जास्तीत जास्त ७५ टक्के केंद्र देतं आणि निदान २५ टक्के बाहेरून आणावे लागतात. स्पर्धा मोठी असते, वेळ लागतो, आणि मूल्यांकन केंद्र सरकारच्या जमीन खरेदीच्या कडक नियमांनुसार लागतं, ज्याला इथे यलो बुक म्हणतात. म्हणून हा मार्ग घेणार असाल तर स्वतः आधी अप्रेझर नेमून पैसे घालवू नका, तो रिपोर्ट चालेलच असं नाही.

एक सावधानता: गावाकडून प्लॉट पाडायची परवानगी हवी आणि त्या बदल्यात इझमेंट द्यायचं, अशी देवघेव असेल तर ते दान राहत नाही.

टप्पा ५: फॉरेस्टर (जंगलाचा जाणकार सल्लागार) आणा, मग डीडमध्ये काय आणि प्लॅनमध्ये काय ते ठरवा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा आणि लोक सगळ्यात कमी इथेच देतात. डीड, म्हणजे इझमेंटचा नोंदवायचा दस्त, कायमचं, कुणालाही सहज बदलता येत नाही. मॅनेजमेंट प्लॅन, म्हणजे जंगलात काय आणि कधी करायचं याचा आराखडा, ठरावीक वर्षांनी बदलतो. त्यामुळे जे कायम खरं राहील तेवढंच डीडमध्ये, आणि जे जंगलाबरोबर बदलेल ते प्लॅनमध्ये.

उदाहरण देते. व्हर्मोंटमध्ये २०१८मध्ये एमराल्ड अॅश बोरर किडा सापडला. ज्यांच्या डीडमध्ये "अॅशची झाडं अमुक व्यासाखाली तोडायची नाहीत" असं लिहिलेलं असेल त्यांनी काय करायचं, झाडं उभ्या उभ्या मरताना बघायचं? झाडाची जात, व्यास, दर एकरी किती लाकूड, किती वर्षांनी फेरी, यातलं काही डीडमध्ये टाकू नका. डीडमध्ये एवढं असावं: तोड लायसन्सवाल्या फॉरेस्टरने केलेल्या आणि लँड ट्रस्टने मान्य केलेल्या प्लॅनप्रमाणेच, प्लॅन किती वर्षांनी नवा करायचा, ओढ्याकाठी किती फुटांचा पट्टा जपायचा, माती वाहून जाऊ नये म्हणून राज्याचे नियम पाळायचे, आणि रोग, किडे, वादळ यात तातडीने काय करता येईल. शेवटचा मुद्दा आमच्या पहिल्या मसुद्यात नव्हता, फॉरेस्टरने दाखवून दिला म्हणून आला.

आणि फॉरेस्टर आपला असू द्या, लाकूड विकत घेणाऱ्या गिरणीचा नको.

करंट यूजमध्ये, म्हणजे जमिनीच्या चालू वापरावर प्रॉपर्टी टॅक्स बसवायच्या राज्याच्या योजनेत, जमीन असेल, ज्याला व्हर्मोंटमध्ये जंगलासाठी किमान २५ एकर लागतात, तर तुमच्याकडे काउंटी फॉरेस्टरने मंजूर केलेला प्लॅन असेलच, जो दहा वर्षांनी नवा करावा लागतो. बहुतेक वेळा तोच थोडा वाढवून दोन्हीकडे चालतो, दोन वेगळे प्लॅन ठेवू नका, पुढे ते एकमेकांशी जुळेनासे होतात. आणि हेही आत्ताच सांगते, करंट यूजमुळे प्रॉपर्टी टॅक्स आधीच उतरलेला असतो, इझमेंट केल्यावर तो आणखी उतरेल ही आशा ठेवू नका.

टप्पा ६: डीडचा मसुदा

लँड ट्रस्ट मसुदा देईल. त्यांचा वकील त्यांचा आहे, तुमचा वेगळा लागतो, घराची क्लोजिंग (खरेदीचे शेवटचे कागद) करणारा नाही, इझमेंटची कामं केलेला. टॅक्स कायद्यातल्या सेक्शन १७०(एच)च्या अटी त्याला पाठ असायला हव्यात: कायमस्वरूपी, पात्र संस्थेला, आणि संवर्धनाच्या हेतूने. हेतूही नेमके लागतात, वन्यजीवांचा अधिवास, सरकारी धोरणाला धरून राखलेली मोकळी जमीन ज्यात जंगल येतं, लोकांसाठी मैदानी वापर वगैरे. नुसतं "जंगल वाचवण्यासाठी" पुरत नाही, तुमच्या जमिनीवर काय आहे ते लिहावं लागतं: ओढा, दलदल, शेजारचं संरक्षित जंगल, जे असेल ते.

एक कलम मुद्दाम वाचा. उद्या कोर्टाने इझमेंट रद्द केलं, समजा हायवेसाठी जमीन गेली, तर पैशातला किती वाटा संस्थेचा. या एका कलमाच्या शब्दांवरून कित्येकांची डिडक्शन कोर्टात गेली, म्हणून आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याने, २०२३मध्ये नोटिस २०२३-३०मध्ये नमुन्याचे शब्द दिले. वकिलाला सांगा तेच शब्द घाला, स्वतःची भाषा नको.

दुसरं, इझमेंटखालची जमीन पुढे दुसऱ्या जमिनीशी अदलाबदल करता येईल असं कलम कुणी सुचवलं तर नाही म्हणा. त्यावरूनही डिडक्शन गेलेली आहेत.

तपासा: टप्पा १ची तिसरी यादी समोर ठेवून मसुद्याची एकेक ओळ वाचली का? यादीतली प्रत्येक गोष्ट "करता येईल", "परवानगी घेऊन करता येईल" किंवा "नाही" यात बसली पाहिजे.

टप्पा ७: आता अप्रेझर

आता, आधी नाही. तो जमिनीची इझमेंटच्या आधीची किंमत काढतो, नंतरची काढतो, वजाबाकी करतो. म्हणून मसुदा जवळपास पक्का लागतो. शेजारचा लागून असलेला तुकडा तुमच्या किंवा घरच्यांच्या नावावर असेल तर लपवू नका, इझमेंटमुळे त्याची किंमत वाढते आणि ती वाढ वजा करावी लागते. फी किमतीच्या टक्क्यात मागणाऱ्या अप्रेझरला नमस्कार करून परत पाठवा, नियमात ते बसत नाही. आणि जो भेटायच्या आधीच आकडा सांगतो त्यालाही.

तारीख: अप्रेझलवरची सही दानाच्या तारखेच्या ६० दिवसांहून आधीची चालत नाही, आणि रिपोर्ट रिटर्नच्या मुदतीपर्यंत, एक्स्टेन्शन धरून, हातात यायला हवा.

टप्पा ८: बेसलाइन, बर्फ पडायच्या आत

बेसलाइन म्हणजे दानाच्या वेळी जमीन कशी होती याचा पुरावा: नकाशे, ठरलेल्या जागांवरून काढलेले फोटो, रस्ते, इमारती, ओढे, झाडांचे प्रकार. मालक आणि लँड ट्रस्ट, दोघांच्या सह्या लागतात आणि हे दानाच्या आधी पूर्ण हवं.

लोक काय करतात, ३१ डिसेंबरच्या आत डीड नोंदवायचं म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी बेसलाइनवाल्याला बोलावतात. तोवर दोन फूट बर्फ! जुनी वाट दिसत नाही, पाणथळ जागा दिसत नाही, फोटोत सगळं पांढरं. मागून मोजा: मार्च-एप्रिलच्या चिखलात जंगलात गाडी जात नाही, म्हणजे फॉरेस्टरची फेरी मे-जूनमध्ये, मसुदा उन्हाळ्यात, बेसलाइनचे फोटो, बर्फामुळे अप्रेझरच्याही आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, अप्रेझर नोव्हेंबरमध्ये, सही डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. हे जमत नसेल तर पुढचं वर्ष धरा, घाई करू नका.

टप्पा ९: सही, नोंदणी, रिटर्न

दान पूर्ण होतं ते डीड टाऊन क्लार्ककडे नोंदल्यावर, सहीच्या दिवशी नाही. कर्जवाल्याचा कागदही त्याआधी किंवा त्याच वेळी चढवा, आणि नोंद झाली का हे स्वतः जाऊन बघा.

मग रिटर्नसाठी तीन कागद. फॉर्म ८२८३ (रोख सोडून इतर दानांचा) भाग बी, त्यावर अप्रेझर आणि लँड ट्रस्ट दोघांच्या सह्या, आणि मूळ खरेदी किमतीचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. अप्रेझल, किंमत पाच लाख डॉलरच्या वर असेल तर रिटर्नला जोडायचं. आणि लँड ट्रस्टचं पत्र, ज्यात तुम्हाला बदल्यात काही दिलं की नाही हे स्पष्ट लिहिलेलं हवं, रिटर्न भरायच्या आधी हातात. पत्र साधं आभाराचं असून चालत नाही.

आकडा कसा बसतो बघा. वर्षाला एजीआयच्या (रिटर्नमधल्या समायोजित एकूण उत्पन्नाच्या) ५० टक्क्यांपर्यंत डिडक्शन घेता येतं, उरलेलं पुढची १५ वर्षं नेता येतं. एजीआय १,२०,००० डॉलर आणि इझमेंटची किंमत ३,००,००० असेल तर, दुसरी दानं नसतील असं धरून, वर्षाला साधारण ६०,०००, म्हणजे जवळपास पाच वर्षात संपलं. एकूण उत्पन्नातलं निम्म्याहून जास्त शेतीतून येत असेल तर मर्यादा १०० टक्के, आणि झाडं लावणं, वाढवणं, तोडणं हेही त्यात शेतीच धरतात. स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्यांना मात्र यातलं काही मिळत नाही, आयटमाइझ करावं लागतं, म्हणजे एकेक वजावट वेगळी दाखवावी लागते.

टप्पा १०: नंतरची सवय

लँड ट्रस्टचा माणूस वर्षातून एकदा येईल, शक्यतो त्याच्याबरोबर फिरा. तोड सुरू करायच्या आधी कळवा, डीडमध्ये किती दिवस आधी ते लिहिलेलं असतं. ठेकेदाराला डीडची प्रत आणि ओढ्याकाठचा पट्टा रंगाने खुणा करून दाखवा, त्याने चूक केली तरी जबाबदार तुम्हीच असता. शेजारी तुमच्या हद्दीत झाडं तोडत असेल तर लगेच ट्रस्टला फोन करा.

एक फाइल करा, डीड, बेसलाइन, चालू प्लॅन, ट्रस्टचा पत्ता, सगळं एका जागी, आणि मुलांना ती कुठे आहे हे दाखवा. जमीन विकायची झाली तर खरेदीदाराला ही फाइल पहिल्या भेटीतच द्या, क्लोजिंगच्या आठवड्यात नको, आणि ट्रस्टला आधी कळवा, म्हणजे नव्या मालकाबरोबर ते स्वतः एकदा जंगलातून फिरून येतील.